दोन चुंबकांमधली पट्टी

कंपनापासून वीज घ्यावी, ही कल्पना ऐकावयास सोपी आहे. यंत्र धडधडते, आगगाडी गेली की पूल हादरतो. ती थरथर वाया का दवडावी? काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत् प्रकट होते, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० सालीच दाखविले होते. एका टोकाशी पक्की केलेली लवचिक पट्टी आणि तिच्या बुडाशी अशा द्रव्याचा थर, एवढ्यावर काम भागावयास हवे. पण भागत नाही. ज्यांनी झोका ढकलला आहे त्यांना कारण ठाऊकच आहे: लय साधली तर झोका चढतो, चुकली तर नुसते हात दुखतात. पट्टीलाही स्वतःची एक लय असते, आणि पूल काही तिच्या सोयीने हादरत नाही.

यातून वाट निघाली ती भलत्याच शोधातून. आम्हाला या इतिहासातला हाच भाग विशेष वाटतो. दोलन वाढेल तशी ज्यांची लयही बदलते, अशा पदार्थांवर गेओर्ग डफिंग या जर्मन अभियंत्याने १९१८ साली ग्रंथ लिहिला. १९६१ साली क्योतो येथे योशिसुके उएदा या विद्यार्थ्याला अशाच जातीची समीकरणे यंत्रावर सोडविताना बिंदूंची एक विस्कटलेली आकृती दिसली. ती छापून यावयास मात्र बरीच वर्षे गेली. १९७९ साली कॉर्नेल विद्यापीठातील मून आणि होम्स यांनी पोलादी पट्टी उलटी टांगली, टोकाखाली दोन चुंबक ठेवले आणि सारा सांगाडा हलविला. पट्टी कधी या चुंबकाकडे, कधी त्या! नियम ठाम, पण वागण्याचा नेम नाही.

त्या वेळी यात विजेचा विचार नव्हता. तीस वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेत एर्टुर्क, हॉफमन व इनमन यांनी याच पट्टीच्या बुडाशी दाबविद्युत् द्रव्य चिकटविले. त्याच वर्षी इटलीत कोत्तोने, वोक्का व गाम्माइतोनी यांनी एकमेकांस लोटणारे चुंबक घेऊन, ज्यांना लयच नाही अशा कंपांवर प्रयोग केले. पट्टी या बाजूची त्या बाजूस उडी मारू लागली की झेप मोठी होते, आणि त्यासाठी एकच लय साधावी लागत नाही.

मात्र धक्का अपुरा पडला तर ती एकाच बाजूस अडकून बसते, आणि मग साधी पट्टी परवडली, असे म्हणावे लागते. उत्साही लेखांतून हे फार हळू आवाजात सांगितले जाते. म्हणून पुढे समोरचा चुंबकही दुसऱ्या लवचिक पट्टीवर बसविण्यात आला. तो बाजूला सरकला की मधला उंबरठा क्षणभर खाली येतो, आणि तेवढ्यात पहिली पट्टी पलीकडे जाते.