सिमेंटचा पत्रा आणि मजुराचा श्वास

नंदुरबारपासून मुंबईपर्यंत घरांवर, गोदामांवर व गोठ्यांवर जो करड्या रंगाचा पन्हळी पत्रा दिसतो, त्यास आपण ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतों. त्यांत सिमेंटाबरोबर ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतु मिसळलेले असतात, ही गोष्ट त्या नांवावरून कोणासच कळत नाहीं.

हा पत्रा करण्याची कृति हात्शेक या ऑस्ट्रियन कारखानदारानें १९०१ सालीं काढली. न जळणारा, न गंजणारा व स्वस्त असल्यामुळें तो जगभर पसरला. या तंतूंचा दोषहि लौकरच उघडकीस आला. इंग्लंडांत रॉचडेल येथें ॲस्बेस्टॉसच्या गिरणींत राबलेली नेली केर्शॉ १९२४ सालीं मरण पावली, आणि डॉ. कुक यांस तिच्या फुप्फुसांत याच खनिजाचे कण आढळले. १९३१ सालीं तेथें कारखान्यांतील धुळीविरुद्ध नियम झाले. पुढें तीनच वर्षांनीं आपल्या देशांत कैमोर येथें पत्र्यांचा कारखाना निघाला व मागाहून मुलुंडलाहि निघाला.

या धुळीचा विकार बहुधा वीस ते चाळीस वर्षांनीं प्रकट होतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं असा आदेश दिला कीं, कारखान्यांनीं प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामास लागल्यापासून निदान चाळीस वर्षें, किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षें, यांपैकीं जो काळ अधिक तोंवर ठेवावी. निर्णय थोर खरा; परंतु जुनें छप्पर उतरविणाऱ्या मजुराची नोंद कोण ठेवणार? नंदुरबारकडील आदिवासी मजूर आज गुजरातेंत ऊसतोडीस, तर उद्यां बांधकामावर जातो. त्याचें नांव कोणत्याच वहींत नसतें.

इंग्लंडांत १९९९ सालीं ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली, तरी जुन्या इमारतींत काम केलेले सुतार, नळकारागीर व वीजकामगार त्यापायीं मरतच राहिले. आपल्याकडे तर पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात व पत्र्यांचें उत्पादन अद्यापि चालू आहे.

अखंड पत्र्याखालीं राहण्यांत भय थोडें आहे. तो फोडतांना वा करवतीनें कापतांना उडणारी धूळ घातक असते, आणि तोंडास बांधलेला रुमाल ती अडवीत नाहीं. पत्रा पाण्यानें भिजवावा, आंकडे सोडवून तो सबंध उतरवावा, तुकडे सुके झाडूं नयेत, व मजुरास योग्य मुखपट्टी द्यावी. छप्पर बदलावयास सांगणारा घरधनी बहुधा आपणांपैकींच असतो. त्या मजुराचें दुखणें वीस वर्षांनीं उद्भवेल तेव्हां तें कोणाच्या छपरापायीं, हें सांगावयास कोणीहि उरणार नाहीं. तेव्हां ही काळजी काम सांगणाऱ्यानें आजच घेतली पाहिजे.