मिझूला ते सेंट लुइस, १९०० मैल

थंडीवाऱ्यात, बर्फातून, चिखलातून रात्रंदिवस माउंटन बाइक हाणत राहायच्या शर्यती हल्ली बऱ्याच निघाल्या आहेत. अलास्कात १९८७ साली 'इडिटाबाइक' नावाची २०० मैलांची शर्यत सुरू झाली. आता तर चार-चार इंच रुंद टायरच्या सायकली खास बर्फासाठी मिळतात. पैसे भरून, रजा टाकून माणसं हे हाल विकत घेतात. माझी काही ना नाही, हौसेला मोल नसतं! पण माउंटन बाइक हा शब्दही जन्माला आला नव्हता तेव्हा काही माणसांनी अशाच वाटांवरून सायकल मारली होती. त्यांची गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळते आहे, ती आज लिहून टाकतो.

साल १८९७. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात मिझूला गावाजवळच्या लष्करी ठाण्यावर २५वी पायदळ रेजिमेंट होती. शिपाई सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. त्या काळच्या अमेरिकन सैन्याची रीतच तशी. तिथे जेम्स मॉस नावाचा तरुण लेफ्टनंट होता. वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून १८९४ साली बाहेर पडला, तोही वर्गात शेवटचा नंबर पटकावून. (अशा मुलांबद्दल मला उगाचच आपुलकी वाटते.) याच्या डोक्यात सायकलचं खूळ शिरलं. घोड्याला दाणापाणी लागतं, तो आजारी पडतो, मरतो. सायकलला यातलं काहीच नाही. मग सैनिकांना सायकली का देऊ नयेत?

१८९६ मध्ये आठ शिपायांना घेऊन तो यलोस्टोनपर्यंत जाऊन आला. पुढच्या वर्षी थेट सेंट लुइस गाठायचं ठरलं. अंतर १९०० मैल, म्हणजे ३००० किलोमीटरहून जास्त. पुण्याहून दिल्लीला जाऊन परत यायचं आणि वर अजून थोडं चालवायचं! १४ जून १८९७ च्या पहाटे वीस शिपाई, स्वतः मॉस, एक लष्करी डॉक्टर आणि मिझूलाच्या वर्तमानपत्राचा एडवर्ड बूस नावाचा एकोणीस वर्षांचा बातमीदार, अशी मंडळी निघाली.

सायकली स्पॉल्डिंग कंपनीच्या होत्या, लोखंडी रिमच्या. गिअरचं तर नावच काढू नका. नुसती सायकल सुमारे साडेचौदा किलोची, पण तंबूचं कापड, ब्लँकेट, शिधा, भांडी असं सगळं बांधलं की ती २७ किलोच्या आसपास जायची. शिवाय रायफल आणि काडतुसं. रसद सुमारे शंभर-शंभर मैलांवर ठेवलेली, म्हणजे मधल्या टप्प्यात काहीही झालं तरी दोन दिवसांच्या शिध्यात भागवायचं.

सुरुवातीलाच रॉकी पर्वत आडवा आला. त्याची मुख्य रांग म्हणजे अमेरिकेतला पाणलोट. एका बाजूचं पाणी पॅसिफिककडे जातं, दुसऱ्या बाजूचं अटलांटिककडे. ती ओलांडताना ऐन जूनमध्ये या लोकांना गारठा, पाऊस आणि बर्फ लागला. सायकली हातात धरून, ढकलत वर चढायचं, आणि ओल्या अंगाने पलीकडे उतरायचं.

बर्फापेक्षा वाईट होता चिखल. तिकडे 'गंबो' म्हणून एक चिकणमाती आहे. मराठवाड्यात किंवा विदर्भात पावसाळ्यात काळ्या रानातून चालला असाल तर वेगळं सांगायला नको. दहा पावलांत चपलेला किलोभर माती! तीच माती चाकात, फोर्कमध्ये, साखळीत गच्च बसली की चाक फिरायचंच थांबतं. थांबायचं, काडीने माती खरवडायची, पुन्हा चार पावलं. शेवटी सायकलच खांद्यावर घ्यायची. रस्ता हरला की रेल्वेचा रूळ गाठायचा आणि स्लीपरवरून आदळत जायचं. मैलोन्मैल!

नेब्रास्कात परीक्षेचा विषयच बदलला. तिथल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये सायकल चालवणं अशक्यच, वर भाजून काढणारं ऊन आणि क्षारयुक्त पाणी. ते पिऊन माणसं आजारी पडली. ती वाळू संपल्यावर शेतांचा मुलूख लागला आणि वेग वाढला. २४ जुलैला ते सेंट लुइसला पोचले. एकूण ४१ दिवस, त्यातले प्रत्यक्ष प्रवासाचे ३४. म्हणजे दिवसाला सरासरी ५६ मैल. शहरात त्यांचं जोरदार स्वागत झालं, कवायती पाहायला गर्दी लोटली.

मॉसने निष्कर्ष काढला की सायकलवरचं पायदळ पायी चालणाऱ्यापेक्षा वेगवान आणि स्वस्त पडतं. त्याला पुढे सॅन फ्रान्सिस्कोला जायचं होतं. परवानगी मिळाली नाही. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटलं, रेजिमेंट क्युबाला गेली आणि सायकलींचा विषय संपला.

आता मला जे सांगायचंय ते. हा प्रयोग कागदोपत्री सायकलीचा होता. यंत्र टिकतं का, किती वजन पेलतं, दिवसाला किती मैल जातं. पण सायकल काही आपोआप वाळूतून गेली नाही. खरी परीक्षा ती ढकलणाऱ्यांची झाली आणि त्यांनी ती पास केली. आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात, करून दाखवा, मग लोक आपोआप मान देतील. इथे काय झालं बघा.

अमेरिकेतल्या सायकलस्वारांची सगळ्यात मोठी संघटना होती 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन'. या सफरीच्या तीनच वर्षं आधी, १८९४ मध्ये, तिने नियम केला की सभासद फक्त गोरेच होऊ शकतील. म्हणजे १९०० मैल चालवून आलेल्या या शिपायांना त्या संघटनेचं साधं सभासदत्वही मिळालं नसतं. तिच्या वारसदार संघटनेने हा नियम औपचारिकरीत्या झिडकारला तो १९९९ साली.

शिपायांमध्ये मिंगो सँडर्स नावाचा सार्जंट होता, चाळिशीला टेकलेला, तुकडीतला सगळ्यात वडीलधारा. पुढे तो क्युबात लढला, फिलिपिन्समध्ये लढला. ऑगस्ट १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला, एकजण मेला. आळ २५व्या रेजिमेंटच्या शिपायांवर आला. ते तेव्हा बराकीत होते असं त्यांचे गोरे अधिकारीही सांगत होते. खटला चालला नाही, गुन्हा कुणावर शाबीत झाला नाही. तरीही राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ जणांना एका फटक्यात सैन्यातून काढून टाकलं. त्यात सँडर्सही होता. पंचवीस वर्षांहून जास्त नोकरी, निवृत्तिवेतन हाताशी आलेलं, तेही गेलं.

सरकारने हा निर्णय १९७२ साली फिरवला. सँडर्स १९२९ मध्येच वारला होता.

या माणसाने आयुष्यात अजून काय करून दाखवायचं राहिलं होतं, असं मला राहून राहून वाटतं. बर्फ, चिखल, वाळू, दोन युद्धं... सहनशक्तीचं प्रमाणपत्र म्हणून याहून मोठं काय देणार? पण समोरच्याला ते वाचायचंच नसेल तर प्रमाणपत्राचा काय उपयोग? शिपाई कुठे कमी पडले असं मला शोधूनही सापडत नाही. सिद्ध करायचं ओझं मात्र पुन्हा पुन्हा त्यांच्याच सायकलवर लादलं गेलं.

१९७४ मध्ये मोंटाना विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हाच मार्ग सायकलवरून पुन्हा पार केला. या वेळी त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. मला ही बातमी फार आवडली. आपल्या सायकलवेड्या मंडळींपैकी कुणी कधी मिझूलाकडे फिरकलंच, तर त्या पाणलोटाच्या घाटात जरा थांबा आणि मिंगो सँडर्सचं नाव एकदा मोठ्याने घ्या. माझ्याकडूनही.