अर्ध्या तिकिटावरचा प्रेक्षक

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच गेला, छत गेलं, खुर्च्या जळाल्या. त्या आठवड्यात गावात जो भेटेल तो एकच सांगत होता : मी तिथं काय पाहिलं, कुणाबरोबर आणि कुठं बसून.

आमच्या घरी अशा बसण्याचा कागदी पुरावा आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आजीनं नाटकांची अर्धी तिकिटं जपलीत. पातळ गुलाबी-पिवळा कागद, एका कडेला फाटलेला. त्यावर रांग, खुर्ची क्रमांक, दर आणि तारखेचा पुसट शिक्का. नाटकाचं नाव बहुतेकांवर नाही. आजीनंही ते लिहिलेलं नाही. एका तिकिटामागं पेन्सिलीनं एवढंच आहे : ‘ताई, भाऊजी. येताना पाऊस.’

इतिहासाच्या पुस्तकात याच्या नेमकं उलटं सापडतं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झालं, शेजारी खासबागचं कुस्ती मैदान, पुढं थिएटरला केशवरावांचं नाव मिळालं, हे सगळं नोंदलेलं आहे. नट, नाटककार, कंपन्या, सगळ्यांना जागा आहे. प्रेक्षक मात्र ‘हाऊसफुल्ल’ या एका शब्दात उरकला जातो.

पण प्रेक्षकाशिवाय हा इतिहास उभा राहत नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. ललितकलादर्श आणि गंधर्व नाटक मंडळी, एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्या, त्या रात्री एकत्र आल्या. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं ३१. भारतात बोलपट यायला अजून दहा वर्षं होती. ती रात्र आपल्यापर्यंत पोचली ती तिथं हजर असलेल्यांनी सांगितली, लिहिली म्हणून. दारावर तिकीट फाडून घेऊन आत गेलेला प्रत्येक जण त्या रात्रीचा साक्षीदार होता. त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

गंमत म्हणजे तिकीट आठवणीसाठी कुणी छापत नव्हतं. ते हिशेबासाठी असायचं. १९२३ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात करमणूक कर आला, आणि तिकीट सरकारी वसुलीचाही कागद झालं. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. २०१७ मध्ये जीएसटी आला. दारावरचा माणूस अर्धं तिकीट फाडायचा तो किती माणसं आत गेली ते कळावं म्हणून. उरलेलं अर्धं फेकून द्यायचंच होतं. आजीसारख्या माणसांनी ते फेकलं नाही, एवढीच त्याची कथा.

आता तिकीट फोनवर येतं. दारावर क्यूआर कोड दाखवला की काम संपलं. मेसेज चार दिवसांत खाली जातो, फोन बदलला की नाहीसा होतो. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदी तिकिटाचंही तेच, त्याच्यावरची अक्षरं उष्णतेनं उमटतात आणि काही वर्षांत उडून जातात. आजीचं पेन्सिलीचं अक्षर मात्र अजून वाचता येतं.

जळालेलं नाट्यगृह पुन्हा बांधता येतं, त्याचे नकाशे असतात, फोटो असतात. पावसात भिजत घरी गेलेल्या तीन माणसांचा नकाशा कुठल्याच कचेरीत नसतो. तेव्हा पुढचं नाटक, कुस्ती किंवा गाण्याची मैफल पाहून आलात की स्क्रीनशॉट काढून थांबू नका. वहीत तारीख लिहा, कुठं बसलात ते लिहा, आणि शेजारी कोण होतं ते तर नक्की लिहा.