तीन आठवड्यांची रजा आणि एका मुख्यमंत्र्याची हकालपट्टी

भरघोस बहुमताने निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याला वर्षभरात त्याच्याच पक्षाने हाकलून दिलं, त्याची आजची गोष्ट. भांडण कशावरून? कामगारांना वर्षाला भरपगारी रजा दोन आठवडे की तीन! दर महिन्याला लीव्ह बॅलन्स मोजणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट सोडवेना.

ठिकाण ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड राज्य. तिथे मुख्यमंत्र्याला प्रीमियर म्हणतात. १९१५ पासून मधली तीन वर्षं सोडली, तर सत्ता कायम लेबर, म्हणजे मजूर पक्षाकडे. १९५२ मध्ये व्हिन्स गेअर प्रीमियर झाले. १९५५ मध्ये कम्युनिस्टांना विरोध किती करायचा यावरून इतरत्र पक्ष तुटत होता. गेअर स्वतः कट्टर कम्युनिस्टविरोधी, पण त्यांनी आपलं घर सांभाळलं. १९५६ मध्ये ७५ पैकी ४९ जागा जिंकल्या.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लेबर पक्ष कामगार संघटनांनी उभा केलेला. आमदार निवडून जनता देते, पण धोरण पक्ष ठरवतो आणि पक्षाच्या कार्यकारिणीत संघटनांचं वजन. कार्यकारिणी म्हणाली, तीन आठवड्यांच्या रजेचा कायदा करा. गेअर म्हणाले, तत्त्व मान्य, पण आत्ता तिजोरीला झेपणार नाही. कधी करायचं ते सरकार ठरवेल.

म्हणजे वाद रजेचा राहिलाच नाही. हुकूम कोणाचा चालणार, हा झाला.

२४ एप्रिल १९५७ ला कार्यकारिणीत मतदान झालं. हकालपट्टीच्या बाजूने ३५, विरोधात ३०. फक्त तिघांनी बाजू बदलली असती तर गेअर वाचले असते! उपमुख्यमंत्री जॅक डगन सोडून सगळं मंत्रिमंडळ गेअर यांच्यासोबत बाहेर पडलं. एकूण २५ आमदार, नवा पक्ष क्वीन्सलंड लेबर पार्टी. जूनमध्ये सरकारी खर्चाची मंजुरी विधानसभेत आली, तेव्हा डगन यांचे आमदार आणि विरोधक एकत्र आले आणि पैसाच अडवला. सरकार संपलं.

३ ऑगस्टला निवडणूक. कंट्री आणि लिबरल पक्षांना मिळून ४२ जागा, लेबरला २०, गेअरना ११. डगन स्वतःच्या मतदारसंघात पडले. मला वाटतं, समोरचा शेवटी नमेल याची दोन्ही बाजूंना जरा जास्तच खात्री होती. लेबरला राज्यात सत्ता परत मिळाली ती थेट १९८९ मध्ये. बत्तीस वर्षं!

गेअर १९६० मध्ये आमदारकी हरले, मग डेमोक्रॅटिक लेबर पार्टीतून सिनेटवर गेले आणि तिथे त्या पक्षाचे नेते झाले. पुढचा किस्सा तर भन्नाट. १९७४ मध्ये लेबरचेच पंतप्रधान व्हिटलम यांनी त्यांना आयर्लंडमध्ये राजदूत नेमायचं ठरवलं. गेअर यांची जागा रिकामी झाली की क्वीन्सलंडमधून पाचाऐवजी सहा सिनेटर निवडायचे, त्यात लेबरचा एक वाढेल, असा हिशोब. पण राजीनामा वेळेत हवा होता. २ एप्रिलच्या रात्री कंट्री पार्टीच्या सिनेटरांनी गेअरना बिअर आणि कोळंबी खिलवत गप्पांत गुंतवून ठेवलं. तिकडे राज्य सरकारने पाचच जागांची निवडणूक जाहीर करून टाकली.

नेमणुकीची बातमी फुटल्यावर दुसऱ्या पक्षानेही गेअरना काढलं. मे महिन्यात तो पक्ष सिनेटमधल्या सगळ्या जागा हरला. गेअर मात्र डब्लिनला गेलेच. १९७६ मध्ये नव्या सरकारने त्यांना परत बोलावलं.