हाडांची साक्ष आणि माणसातले जनावर

दंगलीची किंवा एखाद्या क्रूर खुनाची बातमी आली की वर्तमानपत्रांत ठरावीक शब्द उमटतात. 'पाशवी', 'अमानुष', 'नरपशू'. शाळेच्या मैदानात दोन मुले मारामारी करू लागली, तर आपणही सहज म्हणून जातो, "जनावरांसारखे काय भांडता?" या शब्दांमागे एक समजूत दडलेली आहे. माणसाच्या आत एक हिंस्र पशू आहे आणि त्यावर सभ्यतेचा पातळ मुलामा चढवलेला आहे. तो खरवडला की आतले जनावर बाहेर येते, अशी ती समजूत.

ही समजूत जुनीच आहे. पण विसाव्या शतकात तिला विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखे वाटले आणि तो आधार होता दक्षिण आफ्रिकेतल्या गुहांमध्ये सापडलेल्या हाडांच्या ढिगाचा. हा आधार कसा उभा राहिला आणि कसा ढासळला, ही हकिगत मुलांना जरूर सांगावी अशी आहे.

१९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथील चुनखडीच्या खाणीतून एका लहान मुलाच्या कवटीचा जीवाश्म मिळाला. जोहान्सबर्ग येथे शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या रेमंड डार्ट यांनी तो अभ्यासला आणि १९२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचे वर्णन केले. मेंदू लहान, पण दातांची आणि कवटीची ठेवण काही बाबतींत माणसाकडे झुकणारी. त्यांनी या प्राण्याला 'ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस' असे नाव दिले. सुरुवातीला अनेक तज्ज्ञांनी डार्ट यांचे म्हणणे मानले नाही, पण पुढे तेच बरोबर ठरले.

पुढचा प्रश्न होता, हे आपले पूर्वज जगत कसे होते? या जीवाश्मांबरोबर बबून माकडांच्या फुटलेल्या कवट्या सापडल्या होत्या. माकापान्सगाट या गुहेत तर हाडांचे हजारो तुकडे होते. डार्ट यांनी सात हजारांवर तुकडे तपासले आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. हरणांच्या दंडाच्या हाडाची खालची, म्हणजे कोपराकडची टोके भरपूर होती आणि वरची, खांद्याकडची टोके फारच थोडी. डार्ट यांनी अर्थ लावला तो असा: आपल्या पूर्वजांनी ही टोके निवडून गोळा केली, कारण ती सोट्यासारखी वापरता येतात. बबूनच्या कवट्या याच सोट्यांनी फोडल्या. १९५३ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी यापुढेही जाऊन म्हटले, की वानराचा माणूस झाला तोच मुळी शिकारी आणि खुनी बनून.

या कल्पनेने लोकांना पकडले. रॉबर्ट आर्ड्री या नाटककाराने १९६१ साली 'आफ्रिकन जेनेसिस' या पुस्तकातून ती घरोघरी पोचवली. १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटाच्या आरंभी एक वानर हाडाचा सोटा उगारतो तो प्रसंग याच विचारातून आलेला आहे. दोन महायुद्धे आणि अणुबाँब पाहिलेल्या पिढीला हे पटणे स्वाभाविक होते. शिवाय त्यात एक सोयही होती. खून करणे रक्तातच असेल, तर दोष द्यायचा कोणाला?

प्रिटोरियाच्या ट्रान्सवाल संग्रहालयातले सी. के. ब्रेन यांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला. हाडे कोणी निवडली, हे विचारण्याआधी कोणती हाडे मुळात टिकतात, हे पाहायला नको का? १९६० च्या दशकात ते नामिबियातील कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांवर गेले. तिथले लोक शेळ्या खात आणि हाडे टाकून देत. मग ती कुत्रे चघळत. ब्रेन यांनी वस्त्यांभोवतीची हाडे वेचून मोजली. दंडाच्या हाडाची खालची टोके भरपूर आणि वरची जवळजवळ नाहीतच! हे माकापान्सगाटसारखेच झाले. कारण साधे होते. या हाडाचे खालचे टोक लवकर पक्के आणि टणक होते. वरचे उशिरापर्यंत मऊ राहते, म्हणून ते कुत्र्यांच्या दातांखाली संपते. इथे सोटे निवडणारे कोणी नव्हतेच. निवड केली होती दातांनी. माकापान्सगाटचा ढीगही बहुतांशी तरसांसारख्या प्राण्यांनी जमवलेला असावा, असे आता मानले जाते.

पुढचा पुरावा अधिक बोलका होता. स्वार्टक्रान्स गुहेत मिळालेल्या एका अल्पवयीन मानवसदृश प्राण्याच्या कवटीच्या मागच्या बाजूला दोन भोके होती. ती सोट्याच्या घावांची वाटत नव्हती. ब्रेन यांनी बिबट्याचा जबडा शेजारी धरला आणि खालचे दोन सुळे त्या भोकांशी जुळले. बिबट्या आपली शिकार तरसांपासून वाचवण्यासाठी झाडावर नेतो. त्या कोरड्या मुलखात झाडे बहुधा गुहांच्या तोंडाशी वाढतात, त्यामुळे उरलेली हाडे खाली गुहेत पडतात. १९८१ साली ब्रेन यांनी आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच प्रश्न होता: हे शिकारी की शिकार?

खुद्द टाउंगच्या मुलाचे काय? १९९५ साली ली बर्जर आणि रॉन क्लार्क यांनी सुचवले, की त्याला एखाद्या मोठ्या गरुडाने मारले असावे. २००६ साली बर्जर यांनी त्याच्या डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणा दाखवल्या. आजच्या आफ्रिकेत गरुडाने खाल्लेल्या माकडांच्या कवट्यांवर तशाच खुणा आढळतात. ज्या जीवाश्मापासून खुनी पूर्वजाची कथा सुरू झाली, ते मूल स्वतःच कोणाचे तरी भक्ष्य होते.

म्हणजे माणूस मुळात गरीब गाय होता असे म्हणायचे का? तसेही नाही. टांझानियातील गोंबे येथे १९६० पासून जेन गुडाल चिंपांझींचा अभ्यास करत होत्या. तिथला एक समूह फुटून दोन झाले आणि १९७४ पासून चार वर्षांत एका समूहाच्या नरांनी दुसऱ्यातल्या नरांना एकेक गाठून संपवले. गुडाल केळी खाऊ घालत, त्याचा हा परिणाम असावा, अशी शंका काहींनी घेतली. परंतु २०१४ साली मायकेल विल्सन आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींच्या १८ आणि बोनोबोंच्या ४ समूहांच्या नोंदी एकत्र तपासल्या. पाहिलेल्या, अनुमानित आणि संशयित मिळून चिंपांझींनी केलेल्या १५२ हत्या निघाल्या आणि मानवी हस्तक्षेपाशी त्यांचा संबंध दिसला नाही. पण बोनोबोंच्या वाट्याची हत्या फक्त एक, तीही संशयित! आणि बोनोबो आपल्याला चिंपांझींइतकेच जवळचे. 'आतले जनावर' म्हणायचे, तर नेमके कोणते?

चिंपांझींचीही दुसरी बाजू आहे. नेदरलँड्समधील आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात फ्रान्स द वाल यांनी पाहिले, की भांडण झाल्यावर थोड्याच वेळात तेच दोन चिंपांझी एकमेकांजवळ येतात, मिठी मारतात, मुके घेतात. १९७९ साली त्यांनी सहकाऱ्यासह हे निरीक्षण प्रसिद्ध केले. भांडणे जशी निसर्गातून आली, तशी समेट करण्याची हातोटीही तिथूनच आली. सभ्यता हा बाहेरून चढवलेला मुलामा नाही. तिची मुळे आतच आहेत.

२०१६ साली स्पेनमधील होसे मारिया गोमेझ आणि सहकाऱ्यांनी १०२४ सस्तन प्रजातींची माहिती जमवली. आपल्याच जातभाईंकडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सस्तन प्राण्यांत सरासरी ०.३ टक्के निघाले. वंशवृक्षातील आपल्या जागेवरून माणसासाठी आलेला अंदाज सुमारे २ टक्के होता. म्हणजे वारसा आहे, हे नाकारता येत नाही. पण इतिहासात हे प्रमाण खूप वरखाली झाले आणि आजच्या बहुतेक देशांत ते २ टक्क्यांच्या पुष्कळ खाली आहे. जन्मखुणेसारखे पक्के असते, तर ते असे बदलले नसते.

आता एखाद्या आठवडी बाजाराचा विचार करू. शेकडो अनोळखी माणसे, रेटारेटी, घासाघीस. विळे-कोयते उघड्यावर मांडलेले. तरीही संध्याकाळी सगळे धडपणे घरी जातात. अनोळखी चिंपांझींच्या बाबतीत हे शक्य नाही. रागाच्या भरात हात उचलण्यात आपण त्यांच्यापेक्षा पुष्कळ संयमी आहोत, पण थंड डोक्याने योजून मारण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असे रिचर्ड रँगहम यांनी २०१९ च्या पुस्तकात मांडले. विचार करा, युद्धाला काय लागते? शिस्त, आज्ञापालन, हिशेबाच्या वह्या, आगगाडीचे वेळापत्रक, शेजाऱ्यासाठी जीव देण्याची तयारी. हे सगळे सभ्य माणसाचेच गुण आहेत. छळछावण्या रागाने वेडे झालेले प्राणी चालवत नव्हते. पगारी कारकून आणि अधिकारी चालवत होते. अशा कृत्यांना 'पाशवी' म्हणणे हा पशूंवर तर अन्याय आहेच, पण त्याने माणसाची जबाबदारीही झाकली जाते.

आपल्या जुन्या लोकांनी काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर यांना षड्रिपू म्हटले. हे शत्रू माणसाचे स्वतःचे, मनातच राहणारे. ते जनावरांकडून आले, असे म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत.

म्हणून वर्गात ही हकिगत सांगताना दोन गोष्टींवर भर द्यावा, असे आम्हाला वाटते. एक, हाडे स्वतः बोलत नाहीत. आपण त्यांना बोलायला लावतो, आणि त्या वेळी आपल्या काळाची भीती त्यांच्या तोंडी घालण्याचा धोका असतो. ब्रेन यांनी तो टाळला, तो शेळ्यांची हाडे मोजून. दोन, मैदानातल्या भांडणानंतर मुलांना 'जनावरासारखे वागू नका' म्हणण्याऐवजी थोडा वेळ देऊन त्यांना एकमेकांसमोर बसवावे. आर्नहेमच्या चिंपांझींना जे जमते, ते आपल्या मुलांना जमायला हरकत नाही.