बांबूवन : परिसंस्था आणि कार्बनसाठा

बांबूवन : तृणकुलातील (पोएसी) काष्ठमय बांबू ज्या वनात प्रमुख असतात किंवा मोठ्या वृक्षांखाली दाट थर धरून वाढतात, अशी वनपरिसंस्था. भारतात बांबूच्या सव्वाशेहून अधिक जातींची नोंद आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात बांबू असलेले क्षेत्र सुमारे १.४९ लाख चौ. किमी. दाखवले आहे, त्यात शुद्ध बांबूवनाबरोबर तुरळक बेटे असलेले जंगलही धरलेले आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटच्या पानझडी जंगलात साग, ऐन, धावडा यांच्या खाली मुख्यतः मानवेल (डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) वाढतो. ओढ्याकाठच्या ओलाव्यात कटांग (बांबुसा बांबोस) सापडतो, तर सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू शेताच्या बांधावर लावतात. हवेतला कर्बवायू शोषण्याचा रामबाण उपाय म्हणून बांबूचे नाव अलीकडे सर्रास घेतले जाते. बांबूवनात कार्बन साठतो यात शंका नाही. मात्र त्याचे श्रेय बांबूच्या वाढीच्या वेगाला दिले जाते, ते चुकीचे आहे. तो साठा टिकतो तो बेट जिवंत ठेवणाऱ्या तोडीमुळे, कापलेल्या बांबूच्या पुढच्या वापरामुळे आणि मुळांखालच्या मातीमुळे.

काही जातींचे कोंब दिवसाला मीटरभर वाढतात आणि मोठा बांबूही दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, हे खरे. मात्र पावसाळ्यात जमिनीतून वर येणाऱ्या कोंबाला पाने नसतात. त्याला लागणारे अन्न बेटातले जुने बांबू आणि जमिनीखालचे मूलक्षोड पुरवतात. म्हणजे डोळ्यांना दिसणारी ही झपाट्याची वाढ बहुतांशी आधीच साठलेल्या कार्बनचे स्थलांतर असते. नवा कार्बन बांधला जातो तो संपूर्ण बेटाच्या पानोऱ्यातून, सावकाश. शिवाय बांबूला वृक्षासारखी दुय्यम वाढ नाही. कोंब ज्या जाडीने बाहेर पडतो ती जाडी कायम राहते, पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याची भिंत कठीण होते, आणि काही वर्षांनी तो वाळतो. सागाचे खोड अनेक दशके लाकूड चढवत राहते. बांबूचे बेट लवकर भरते आणि त्यानंतर जितके नवे येतात तितकेच जुने मरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या अभ्यासांच्या एका आढाव्यात बांबू परिसंस्थांचा एकूण साठा हेक्टरी ९४ ते ३९२ टन कार्बन असा अंदाजला आहे, आणि त्यातले ७० ते २०० टन एकट्या मातीतले आहेत. हा साठा बहुतेक नैसर्गिक जंगलांपेक्षा कमी, रबराच्या मळ्यांच्या जवळपास, आणि तेलताडाच्या लागवडीपेक्षा किंवा कुरणांपेक्षा जास्त ठरतो. बांबू इतर झाडांपेक्षा ३५ टक्के अधिक प्राणवायू देतो, हे नेहमी ऐकू येणारे वाक्यही याच कसोटीवर घासून पाहावे. निव्वळ प्राणवायू हा निव्वळ साठलेल्या कार्बनशी बांधलेला असतो. ज्या बेटाचे वस्तुमान वाढायचे थांबले, त्याच्याकडून जास्तीचा प्राणवायू येणार कुठून?

यावर कोणी म्हणेल, की मग तोडच बंद करावी, साठा आपोआप वाढेल. वृक्षांच्या जंगलाला हा युक्तिवाद बराचसा लागू पडतो, बांबूला पडत नाही. न तोडलेल्या बेटात वाळलेले बांबू अडकून राहतात, नव्या कोंबांना जागा उरत नाही, आणि उन्हाळी वणव्याला आयते सरपण मिळते. तरीही तोड कशीही चालत नाही. चालू वर्षाचा कोवळा बांबू कापायचा नाही, त्याला आधार देणारे जुने पुरेसे ठेवायचे, मूलक्षोड उकरायचे नाही, कोंब फुटण्याच्या काळात बेटाला हात लावायचा नाही, आणि एकदा तोड झाली की तीन-चार वर्षे तो कूप (तोडीसाठी आखलेला पट्टा) सोडून द्यायचा, असे मध्य भारतातल्या वनव्यवस्थापनाचे नियम आहेत. मात्र तोडीचे नुसते प्रमाण पाळून भागत नाही, हे कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात दिसले. कागद गिरणीसाठी तिथे बांबू तोडला जात असे. १९७० च्या दशकात परिसंस्थाशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले, की बेटाच्या बुंध्याशी असलेले काटेरी आवरण तोडीच्या सोयीसाठी साफ केले जाई. त्याने बेटाची वाढही सुधारेल अशी समजूत होती. प्रत्यक्षात कोंब उघडे पडले आणि गुरांनी व वन्य प्राण्यांनी ते फस्त केले. नवे बांबूच न आल्याने बेटे खंगली. कागदावर तोडीचे प्रमाण वाजवी दिसत असतानाही साठा घटला, ही या उदाहरणातली महत्त्वाची गोष्ट.

दुसरा आक्षेप फुलोऱ्याचा आहे, आणि तो अधिक गंभीर. अनेक जाती काही दशकांनी एकाच वेळी फुलतात, बी धरतात आणि मरतात. मिझोराममधला मेलोकॅना बॅक्सिफेरा सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. १९५८-५९ च्या फुलोऱ्यात बियांवर पोसलेल्या उंदरांनी पिके खाल्ली आणि दुष्काळ पडला.  पुढचा फुलोरा २००६ नंतर आला. कार्बनच्या दृष्टीने असा फुलोरा म्हणजे डोंगरच्या डोंगर एकदम वाळणे. मृत बांबू कुजतो किंवा जळतो, आणि अनेक वर्षांत साठलेला कार्बन थोड्या काळात हवेत परततो. मात्र जमीन नांगरली गेली नाही, आग आवरली आणि चराई रोखली, तर त्याच बियांतून रोपे उठतात आणि मातीतला मोठा वाटा जागेवर राहतो. म्हणून फुलोऱ्यामुळे बांबूवन निरुपयोगी ठरत नाही. पण एकाच जातीची, एकाच वयाची विस्तीर्ण लागवड करून तिच्या बळावर पन्नास वर्षांच्या साठ्याची हमी देणे बेजबाबदारपणाचे ठरते.

लागवड कोणत्या जमिनीवर होते, हा प्रश्नही इथेच येतो. धूप झालेल्या उतारावर, पडीक रानात किंवा बांधावर लावलेला बांबू मूळ धरतो, माती बांधतो आणि साठ्यात भर घालतो. नैसर्गिक मिश्र जंगल कापून तिथे बांबू लावला, तर कार्बन आणि जैवविविधता दोन्ही बुडतात. जपानात उलट बाजूने हे घडते आहे : देखभाल सुटलेल्या बागांतला धावत्या मूलक्षोडाचा मोसो बांबू शेजारच्या जंगलात पसरून तिथल्या झाडांना झाकून टाकतो. आपला मानवेल बेट करून राहतो, त्यामुळे तसा धोका त्याच्याबाबतीत कमी.

तोड नियमाने व्हावी यासाठी तोडणाऱ्याचे त्या बेटाशी दीर्घकाळचे नाते असावे लागते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्षात गणले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवला, आणि २०१७ मधल्या दुरुस्तीने त्याला वृक्षाच्या व्याख्येतूनच वगळले, ज्यामुळे खासगी जमिनीवरची तोड व वाहतूक सोपी झाली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार मिळाले. हक्क असलेल्या ग्रामसभेला पुढच्या तोडीचीही काळजी असते. ठेक्यावर एक हंगाम येणाऱ्याला ती असण्याचे कारण नसते. यापुढचा हिशेब बांबू जंगलाबाहेर गेल्यावर सुरू होतो. कागदात गेलेला कार्बन थोड्या वर्षांत हवेत परततो, सुपा-टोपल्यांतला त्याहून काहीसा उशिरा, आणि प्रक्रिया करून घराच्या छपरात किंवा फळीत बसवलेला काही दशके टिकतो. बांबूवनाच्या कार्बनची नोंद करताना हेक्टरी टनांबरोबर तोडीनंतर बेटात उरलेल्या बांबूंची वयवार संख्या आणि कापलेल्या मालाचा वापर, या दोन्ही गोष्टी लिहिल्या जायला हव्यात.