सरनोबत आणि वीर

धुळवडीला नाशकात वीर निघतात. घराण्यातल्या वीराचा टाक देव्हाऱ्यातून बाहेर काढायचा, वाजतगाजत गोदाकाठी न्यायचा, रामकुंडात त्याला स्नान घालायचं आणि पुन्हा देव्हाऱ्यात बसवायचं. या वीरांतल्या दाजीबा वीराच्या डोक्याला बाशिंग, म्हणून तो ‘बाशिंगे वीर’. या मिरवणुकीतला ‘वीर’ म्हणजे नुसता शूर माणूस नव्हे. घरातला जो लढताना किंवा अवेळी गेला, तो वीर. हयात माणूस कितीही धाडसी असला तरी त्याचा टाक होत नाही.

हा शब्द मुळात मात्र मरणाशी बांधलेला नव्हता. वैदिक संस्कृतात ‘वीर’ म्हणजे पुरुष, कर्ता माणूस, मुलगासुद्धा. लॅटिनमधला ‘विर’ हा त्याचाच भाऊबंद. त्याचाही अर्थ पुरुष, आणि त्यापासून झालेला इंग्रजी ‘व्हर्च्यू’ आज सद्गुण या अर्थाने वापरतात. आपल्याकडे हा शब्द पुरुषावरून पराक्रमी पुरुषावर आला आणि पुढे दगडावर चढला. ‘वीरगळ’मधला ‘गळ’ म्हणजे कानडी ‘कल्लु’, अर्थात दगड. खालच्या चौकटीत लढाई, वर पडलेल्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तो आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गावाच्या वेशीवरच्या या दगडांनी शब्दाचा अर्थ ठरवून टाकला: पडला, तो वीर.

मग जिवंत घोडेस्वाराला मराठी काय म्हणत होती? सगळ्यांत जुना शब्द ‘राऊत’. राजपुत्र, त्याचं प्राकृत राउत्त, त्याचा राऊत. राजाच्या मुलापासून निघालेला शब्द घोड्यावरच्या कोणत्याही लढवय्यापर्यंत उतरला आणि शेवटी आडनावात स्थिरावला. पुढे फारसीतून ‘शिलेदार’ आणि ‘बारगीर’ आले. ‘सिलाह’ म्हणजे हत्यार आणि ते बाळगणारा तो शिलेदार. घोडा आणि हत्यार घरचं असल्याने त्याचा तोरा वेगळा. ‘बार’ म्हणजे ओझं. बारगीर हा आधी ओझं वाहणारा घोडा होता, नंतर सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा माणूसच बारगीर झाला. एकाच्या नावात हत्यार, दुसऱ्याच्या नावात ओझं. घोडा कोणाचा, एवढं या दोन शब्दांवरून कळतं. शौर्याचा त्यांत मागमूस नाही.

जगभर थोडंफार असंच आहे. कवितांतून आणि सिनेमांतून थोर झालेला युरोपातला ‘नाइट’ जुन्या इंग्रजीत पोऱ्या होता, चाकर होता. जपानी ‘सामुराई’ सेवा करणे या अर्थाच्या क्रियापदातून निघाला. लढणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी त्याच्या नोकरीवरून पडतं.

आता एका माणसाकडे येऊ. साताऱ्याकडच्या भोसरे गावचे कुडतोजी गुजर. शिवाजी महाराजांनी त्यांना ‘प्रतापराव’ हा किताब दिला आणि मूळ नाव मागे पडलं. ‘प्रताप’मध्ये ‘तप्’ धातू आहे: तापणं, तळपणं. त्यांचा हुद्दा ‘सरनोबत’. सभासदाच्या बखरीत पागेची उतरंड दिली आहे: २५ बारगीरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी, ५ हजाऱ्यांवर पंचहजारी आणि या सगळ्यांच्या वर सरनोबत. ‘सर’ म्हणजे प्रमुख. ‘नौबत’ म्हणजे मुळात पाळी, पहाऱ्याची पाळी. पाळी बदलताना वाजायचा तो नगाराही नौबत झाला. ‘उपाशी राहायची नौबत आली’ असं आपण म्हणतो, तेव्हा हीच पाळी आपल्यावर आलेली असते. सरनोबत म्हणजे पाळ्या लावणारा, कोण कधी कुठे उभा राहील हे ठरवणारा. सगळ्यांच्या आधी घोडा घालणं हे त्याच्या शब्दात कुठेच येत नाही.

या शब्दाला शोभेल असं प्रतापरावांचं काम नाशिक जिल्ह्यात झालं. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज सुरतेहून परतत असताना मोगलांचा दाऊदखान आडवा आला. वणी-दिंडोरीच्या त्या लढाईत ते होतेच. त्याहून मोठी लढाई फेब्रुवारी १६७२ ची. बागलाणातल्या साल्हेरला मोगलांचा वेढा पडला होता. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच. महाराजांच्या हुकमाप्रमाणे एका बाजूने प्रतापराव घोडदळ घेऊन आले, दुसऱ्या बाजूने मोरोपंत पिंगळे. उघड्या मैदानात तुंबळ लढाई झाली, मोगली फौज मोडली, तिचा सरदार इखलासखान हाती लागला. सूर्यराव काकडे तिथे पडले. सभासदाने त्यांना महाभारतातल्या कर्णाच्या तोडीचं म्हटलं आहे. म्हणजे साल्हेरला वीर सूर्यराव, आणि सरनोबत प्रतापराव. दोन शब्द, दोन माणसं, आणि दोघांचा मान आपापल्या जागी.

दोन वर्षांनी दोन्ही शब्द एकाच माणसात येऊन आदळले. एप्रिल १६७३ मध्ये उमराणीला प्रतापरावांनी विजापूरच्या बहलोलखानाचं पाणी तोडलं, त्याला कोंडलं आणि शरण आल्यावर सोडून दिलं. खान पुन्हा उलटला. महाराजांनी जाब विचारला. खानाला बुडवा, नाहीतर तोंड दाखवू नका, असा बखरीतला आशय. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी गडहिंग्लजजवळच्या नेसरीच्या खिंडीत मागची फौज पोचायची वाट न पाहता ते मोजक्या स्वारांनिशी खानावर तुटून पडले आणि तिथेच संपले. त्याच वर्षी इंग्रजांच्या दुभाष्याने, नारायण शेणव्याने, लिहिलेल्या पत्रात ते आणि त्यांच्याबरोबरचे सहा घोडेस्वार पडल्याचा उल्लेख आहे. रायगडावरचा राज्याभिषेक तेव्हा साडेतीन महिन्यांवर आला होता.

त्यांच्या जागी हंसाजी मोहिते सरनोबत झाले आणि ‘हंबीरराव’ म्हणून गाजले. ‘हंबीर’ कानाला अस्सल देशी वाटतो. पण अरबी ‘अमीर’, म्हणजे हुकूम देणारा, संस्कृतात ‘हम्मीर’ झाला आणि तिथून मराठीत आला, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. नेसरीनंतर फौजेला तळपणाऱ्याच्या जागी हुकूम देणारा मिळाला. योगायोग असेल, पण शब्दांपुरता तो चपखल आहे.

नेसरीचे ते सात स्वार घरोघरी पोचवले ते नाशिकच्याच कवीने. कुसुमाग्रजांच्या कवितेला पुढे गाण्याची चाल मिळाली आणि शाळेतल्या पोरांनाही ते सात जण पाठ झाले. कवितेने त्यांना ‘वीर’ म्हटलं. वेशीवरचा दगडही तेच म्हणाला असता. तक्रार कवितेबद्दल नाहीच. तक्रार आपल्या स्मरणशक्तीबद्दल आहे. नेसरी कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला, तरी नाशिककराला ती तोंडपाठ. साल्हेर घरचा, पण तिथे प्रतापरावांनी काय केलं हे विचारलं तर पुष्कळांना आठवावं लागतं. भाषेने ‘वीर’ हा शब्द मेलेल्यासाठी राखून ठेवला, त्यामुळे जिंकून जिवंत परतलेल्याला द्यायला आपल्याकडे तेवढ्या वजनाचा शब्द उरला नाही. ‘सरनोबत’ तो होऊ शकला असता, पण तो आता आडनावात आणि इतिहासाच्या पुस्तकात राहिला आहे. प्रतापरावांना पुरतं ओळखायचं तर दोन्ही शब्द लागतील, आणि त्यांतला ‘सरनोबत’ आधी.